तिसऱ्या गाळ्याची तळपाटी

मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा, मोठ्यानं बोलायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. तुम्ही जिच्यावर अक्षरं गिरवलीत ती नव्हे. लोधीखेड्यापासून थोडं आत एक नाला आहे. त्या नाल्यावर लहानसा स्टॉपडॅम आहे आणि गावात त्याला सगळे नुसतं बांध म्हणतात. बांधाला चार गाळे, म्हणजे पाणी जायला ठेवलेल्या चार मोकळ्या जागा. पावसाळ्यात गाळे उघडे असतात आणि पुराचं गढूळ पाणी त्यांतून निघून जातं. पाऊस संपला की प्रत्येक गाळ्याच्या खाचेत एकावर एक पाच पाट्या बसवतात आणि मागं पाणी साठतं. अशा आम्ही वीस जणी आहोत. मी तिसऱ्या गाळ्यातली सर्वांत खालची.

वरच्या पाटीचं नशीब वेगळं असतं. तिच्यावरून पाणी सांडतं, पोरं तिथं पाय सोडून बसतात, पाहुणे आले की तिचा फोटो निघतो. तळाच्या पाटीला कोणी पाहत नाही. सहा फूट पाण्याचा भार तिच्या छातीवर असतो आणि पायाशी गाळ. आठ-आठ महिने हे असंच चालतं. तक्रार करत नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? करते आहे. थकले आहे मी.

माझा जन्म सौसरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. गजानन मिस्त्रीनं पाच फूट लांब आणि सव्वा फूट उंच पत्रा कापला, कडेनं अँगल जोडले, उचलायला दोन कड्या लावल्या, लाल रंग दिला आणि पांढऱ्या रंगानं आकडा टाकला. बाकीच्या एकोणीस जणी नीट चौकोनी निघाल्या. माझा मात्र खालचा एक कोपरा तासावा लागला. बांध घालताना तिसऱ्या गाळ्यात सिमेंट एका अंगाला फुगून आलं होतं आणि सरळ पाटी तिथं बसेना. त्यामुळं मी दुसऱ्या कुठल्या गाळ्यात जात नाही आणि माझ्या जागी दुसरी कोणी चालत नाही. "नकटी झाली ही," मिस्त्री म्हणाला, "पण हिच्याबिगर काम नाही होत." नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. ती पुढं आलीच.

बांध का झाला तेही सांगते. आमच्या गावाचे दोन टोले, म्हणजे दोन वस्त्या आहेत. वरच्या टोल्यात संत्र्याचे बगीचे आणि घरोघरी विहिरी. खालच्या टोल्यात पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, आणि ती चैत लागला की तळ दाखवायची. मग बायांना अर्धा कोस चढून वर यावं लागे आणि वरच्या टोल्याची तोंडं वाकडी होत. वरचे म्हणत, हे लोक पाणी जपत नाहीत. खालचे म्हणत, हे आमचं पाणी उपसतात. दोघांचंही थोडं खरं होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

मग पाणलोटाच्या कामावर प्रतिभा मॅडम आल्या. त्यांनी भाषण केलं नाही. मारुतीच्या देवळापुढं दोन्ही टोल्यांना बसवलं, गेरूनं टेकडी काढायला लावली आणि पांढऱ्या रांगोळीनं नाला. मग ज्याच्या घरी विहीर आहे त्यानं तिथं तुरीचा एक दाणा ठेवायचा. वरून चौदा दाणे पडले. खालच्या टोल्याकडून एकच दाणा पडला, तो भिवाजीनं ठेवला. मॅडमनी दाणे मोजले. नंतर म्हणाल्या, "पंधराही दाणे एकाच रेघेच्या काठावर आहेत. आता सांगा, काम कुठून सुरू करायचं?"

काम टेकडीवरून सुरू झालं. आधी वर चर खोदले, मग दगडाचे बांध घातले आणि शेवटी नाल्यावर हा स्टॉपडॅम, दोन्ही टोल्यांच्या मधोमध, म्हणजे मुरणारं पाणी दोघांनाही मिळेल. वरच्या टोल्यातला गुणवंता आणि खालचा भिवाजी एकाच घमेल्याला हात लावून रेती वाहत. गुणवंता तेव्हा चाळिशीचा होता, भिवाजी साठीला टेकलेला. हे वरचा-खालचा विसरून काम करणारे पहिले दोघे, आणि पुढं जे झालं ते या दोघांमध्येच झालं.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात आम्हाला एका खोलीत रचून ठेवलं, तर दोन जणी भंगारात निघून गेल्या. कोणी नेल्या ते कळलं नाही, नव्या करून आणाव्या लागल्या. तेव्हा भिवाजीनं तोड काढली. "एका जागी ठेवल्या त एकाच्याच होते," तो म्हणाला. "वीस घरी ठेवा. दहा वरच्या टोल्यात, दहा खालच्या. मंग वीस घरं आल्याबिगर पाणीच अडत नाही." लोक हसले, पण तसं ठरलं. मी गुणवंताच्या घरी गेले, कारण मला बसवण्याची कला त्यालाच आली होती.

पाट्या टाकायचा दिवस पंचांगात नसतो. लवकर टाकल्या तर पुराच्या पाण्यात गाळ अडतो आणि बांध भरून जातो. उशीर केला तर नाल्याची धार आटते आणि अडवायला काही उरत नाही. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला भिवाजी रोज सकाळी नाल्यात जाऊन उभा राहतो आणि खाली पाहतो. ज्या दिवशी पाण्यातून पायाची बोटं दिसतात, त्या दिवशी पाट्या घराघरांतून निघतात. वीस माणसं खांद्यावर दुपट्ट्याची चुंबळ ठेवून पाट्या घेऊन येतात. पहिल्यांदा पाण्यात गुणवंता उतरायचा. मला खाचेत सोडायचा, तासलेला कोपरा पायानं चाचपायचा, टाचेनं दाबायचा आणि फटीत काळ्या मातीचा गारा भरायचा. त्याची टाच बसली की मला कळायचं, आता आठ महिने हलायचं नाही.

मित्रांनो, ते दिवस चांगले होते. खालची विहीर जेठापर्यंत पुरू लागली. छिंदवाड्याहून पाहुणे आले, बॅनर लागले, वरच्या पाटीला हार घातला. एक नियमही झाला, तो भिंतीवर लिहिला: संक्रांतीनंतर बांधावर कोणाचीही मोटर लागणार नाही, तेव्हापासूनचं पाणी जनावरांचं आणि खालच्या विहिरीचं. मग प्रतिभा मॅडमची बदली झाली. वर्षामागून वर्षं गेली. जिल्हाही बदलला, छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. टेकडीवरचे चर मातीनं बुजले. बांधाच्या समितीची बैठक महिन्याची होती ती वर्षाची झाली. माझ्या खालच्या कडेचं रबर कुजून गळालं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. कौतुक चार दिवसांचं असतं, भार रोजचा असतो. हे मी लोखंडाची असून शिकले.

मागच्या वर्षी फाल्गुनात गुणवंतानं नियम मोडला. त्यानं संत्र्याची चाळीस नवी कलमं लावली होती. ऊन लवकर तापलं, त्याची विहीर पुरेना आणि कलमांची पानं वळू लागली. दोन दिवस भर दुपारी, लाईट आली तशी त्यानं बांधावर मोटर लावली. मी तळाशीच होते, पाणी उतरताना मला कळत होतं. चूक होती ती, मी तिच्यावर पांघरूण घालत नाही.

बैठक झाली. बांधालगतच्या लिंबाखालीच झाली, म्हणून मला ऐकू आली. नितीन नावाचा तरुण आता समितीचं पाहतो, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पाणीचोर आहे हा. जामसावळीले चाल म्हणा, मारुतीपुढं शपथ घे म्हणा."

गुणवंता उभा राहिला. "शपथ कायले? मी मोटर लावली. दोन दिवस लावली. झाडं मरून राहिली होती." एवढं बोलून त्यानं भिवाजीकडं पाहिलं. भिवाजीनं एक शब्द बोलायला हवा होता. चुकला, पण आपलाच माणूस आहे, एवढं तरी. भिवाजी आपल्या चपलांकडं पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या भिंतीवर गेरूनं गुणवंताचं नाव लिहिलं गेलं, आणि ते पहिल्या पावसानंच पुसलं.

जेठात, पावसाच्या तोंडावर, पाट्या काढल्या. गुणवंता आला, मला खांद्यावर घेतलं आणि कोणाशी न बोलता घरी गेला. पावसाळाभर मी त्याच्या ओसरीत भिंतीला टेकून होते. आणि आता जे सांगते ते माझ्याशिवाय आणि त्याच्या बायकोशिवाय, अपर्णाशिवाय, कोणालाच माहीत नव्हतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बोटं दिसली. बातमी टोल्यात फिरली. गुणवंतानं सकाळी मला घासलं, मातीचा कण ठेवला नाही, कडेला तेल लावलं. पाण्यात उतरायची जुनी पँट घातली. मला दाराशी उभं केलं आणि आपण उंबऱ्यावर बसला. रस्त्यानं वरच्या टोल्याच्या नऊ पाट्या गेल्या. जाणाऱ्यांनी घराकडं पाहिलं, पण हाक कोणी मारली नाही. त्यांना वाटलं, हा रुसलाय, आपण कशाला बोलायचं? याला वाटलं, नाव भिंतीवर लिहिलं होतं, बोलावल्याशिवाय कसं जायचं?

अपर्णा म्हणाली, "जाऊन या ना. पाणी का कोनासाठी थांबते?"

"एकानं तरी आवाज द्यावा," तो म्हणाला. "पोट्टं पाठवलं तरी चालते."

दुपार झाली. कोणी आलं नाही. त्यानं पँट बदलली आणि दारापुढच्या नालीवर मला आडवी टाकली, मोटरसायकल काढायला. आकडा वर, तोंड आभाळाकडं. इतकी वर्षं पाण्याखाली काढली, पण असं बुडाल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

तिकडं बांधावर एकोणीस पाट्या होत्या. "एका पाटीनं काय बिघडते? रेतीची पोती भरा," नितीन म्हणाला. माझ्या जागी पोती कोंबली आणि त्यांवर बाकीच्या चार ठेवल्या. पाणी चढलं, दोन दिवस लोक खूश होते. मग पोती खालून सरकली. तळाशी एक भोक पडलं आणि त्यातून दिवसरात्र पाणी जात राहिलं. भोक वर असतं तर वरचं पाणी गेलं असतं, तळाला पडलं की सगळंच जातं. दिवाळी झाली, कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. वीस वेळा पोती बदलली, पण गुणवंताच्या दारी एक माणूस गेला नाही.

खालच्या विहिरीवर भिवाजीची सून दामिनी पाणी भरत असे. दोर दर आठवड्याला हातभर जास्त सोडावा लागे. पौषातच विहीर चैतासारखी दिसू लागली. गुणवंताची विहीरही उतरली. बांधाचं पाणी तिच्याही पोटात मुरत होतं ना. तो रोज सकाळी तिच्यात डोकावायचा, मग माझ्यावर पाय देऊन बगीच्यात जायचा, आणि खाली माझ्याकडं पाहायचं टाळायचा.

संक्रांत आली. अपर्णानं हळदीकुंकू ठेवलं आणि पुरुषांची भांडणं पुरुषांपाशी ठेवून खालच्या टोल्यातही बोलावणं धाडलं. दहा-बारा जणी आल्या. प्रत्येकीचा पाय नालीवर, म्हणजे माझ्यावर पडला. दामिनी थांबली. वाकून तिनं माझा आकडा वाचला, मग तासलेला कोपरा पाहिला आणि आत गेली.

हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ दिला गेला. अपर्णा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटत होती. दामिनीनं डबा घेतला नाही.

"मले हे नको काकू. वाण द्याचं असन त दारातली पाटी द्या."

संक्रांतीच्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला वाण नाही म्हणता येत नाही, आणि नवऱ्याला विचारून वाण देण्याची रीत कुठंच नाही. अपर्णानं दामिनीकडं पाहिलं. मला वाटतं, ती तीन महिने अशाच कोणाची तरी वाट पाहत होती.

"हो व," ती म्हणाली. "उचल. मी एक कडी धरते, तू एक धर."

नव्या साड्या नेसलेल्या बायांनी मला नाल्यावर नेलं. हात बदलत नेलं, पण खाली टेकू दिलं नाही. जाता जाता एकीनं माझ्यावरही हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. मित्रांनो, हार वरच्या पाटीला घातला होता तेव्हा मला वाईट वाटलं होतं, ते त्या क्षणी विसरले.

निरोप गेला तसा भिवाजी आला, दोन-चार गडी आले. वरच्या चार पाट्या काढल्या, सडकी पोती ओढली आणि मला सोडलं. मी बसले नाही. भिवाजी आणि गडी जोर लावत होते, आणि कोपऱ्याशी पाणी उसळून येत होतं. तेवढ्यात काठावर गुणवंता दिसला. बगीच्यातून तसाच आला होता, पायाला माती. तो पाहत उभा राहिला आणि कोणी त्याच्याशी बोललं नाही. परत तेच, असं माझ्या मनात आलं.

मग तो स्वतःच बोलला. "उलटी टाकून राहिले तुम्ही."

आणि पाण्यात उतरला. पौषातलं पाणी, दात वाजावेत असं गार. त्यानं मला उचलून फिरवलं, तासलेला कोपरा फुगलेल्या सिमेंटाच्या अंगाला आणला, पायानं चाचपलं आणि टाचेनं दाबलं. मी बसले. उसळी थांबली.

भिवाजी गारा देत होता. तो म्हणाला, "गुणवंता, त्या दिवशी बैठकीत मी चूप बसलो. माही गलती झाली."

गुणवंता फट बुजवत होता. मान वर न करता म्हणाला, "दसऱ्याले एक आवाज दिला असता काका, त मी उंबऱ्यावरच बसून होतो."

भिवाजीच्या हातातला गारा तसाच राहिला. सत्तर वर्षांचा माणूस, नाल्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून डोळे पुसू लागला. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही खरं होतं.

एखाद्या गोष्टीत आता बांध तुडुंब भरला असता. आमच्या नाल्यात तेवढं पाणीच राहिलं नव्हतं. पाणी दुसऱ्या पाटीपर्यंत चढलं आणि थांबलं. तीन महिन्यांचं पाणी खाली कन्हान नदीला मिळालं होतं, ते मागं आणणं कोणाच्या हातात नाही. खालची विहीर चैतापर्यंत पुरली आणि वैशाखात कोरडी पडली.

तेव्हा गुणवंताच्या विहिरीत चार हात पाणी होतं. चाळीस कलमं जगवायला ते कसंबसं पुरलं असतं. त्याच पाण्यात खालच्या टोल्याचं पिणं भागलं असतं. दोन्ही होणार नव्हतं. कोणी मागायला आलं नव्हतं. एका सकाळी त्यानं स्वतः विहिरीवरून मोटर काढली, गरगडी, म्हणजे दोराची कप्पी बसवली, दोर टाकला आणि खालच्या टोल्यात जाऊन घरोघरी सांगितलं, "आमच्या इथून पाणी भरा." या वेळी हाक मारायला तोच गेला.

कलमं जेठात वाळली. चाळीसच्या चाळीस. दामिनी रोज तिथं पाणी ओढायला जाई आणि त्या झाडांकडं पाठ करून उभी राही, असं अपर्णा मला पुसताना सांगत होती.

आता पाऊस आलाय आणि मी पुन्हा गुणवंताच्या ओसरीत आहे. मला इथं भिवाजीनं स्वतःच्या खांद्यावर आणलं, मधे तीनदा थांबून. माझ्या अंगाला गंज आहे, खालच्या कडेला रबर नाही, आणि खरं सांगते, आणखी किती वर्षं भार पेलेन याची मला खात्री नाही. मला तेल लावा, नवं रबर बसवा, टेकडीवरचे चर उकरा, हे मी तुम्हाला सांगणारच. पण लोखंडाची निगा सोपी असते. मित्रांनो, तुमच्या गावात पाणी अडवायचा दिवस येईल तेव्हा आधी पाट्या मोजू नका. आधी माणसं मोजा, आणि जो कमी दिसेल त्याच्या घरी त्याच सकाळी जा. तो बहुधा तयार होऊन दारातच बसलेला असेल.